एका सेंटची गोळी



सांगलीहून सातवीतल्या एका वाचकमित्राचं पत्र आलं आहे. तो लिहितो, "काका, कार्टूनमध्ये एक लाल यंत्र दिसतं. वर काचेचा गोल आणि आत रंगीबेरंगी गोळ्या. नाणं टाकून खालचा कान पिळला की एक गोळी बाहेर येते. त्याला वीज लागत नाही असं दादा म्हणतो. मग मी नाणं टाकलंय हे त्या यंत्राला कळतं कसं? आणि नेमकी एकच गोळी कशी येते?"

प्रश्न झकास आहे. एरवी मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण योग असा, की माझ्या बहिणीच्या घरी अमेरिकेत गेल्या काही महिन्यांत अगदी असंच एक यंत्र खोललं गेलं, धुतलं गेलं आणि पुन्हा चालू झालं. ती सगळी हकीकत मी फोनवर रोजच्या रोज ऐकली, फोटो पाहिले. तेव्हा उत्तर त्या हकीकतीतूनच देतो.

आधी थोडा इतिहास

नाणं टाकून वस्तू मिळवायची कल्पना फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक विद्वान होता. त्याने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी एक यंत्र सांगितलं आहे. फटीतून टाकलेलं नाणं एका तरफेच्या टोकावर पडायचं. त्याच्या वजनाने ते टोक खाली जायचं, दुसरं टोक वर जाऊन पाण्याची झडप उघडायची. नाणं घरंगळून खाली पडलं की तरफ पुन्हा जागेवर आणि पाणी बंद!

चघळायच्या गोंदाची, म्हणजे च्युइंगगमची यंत्रं मात्र अमेरिकेची. टॉमस ॲडम्स या न्यूयॉर्कच्या गृहस्थांनी मेक्सिकोतून एका झाडाचा चीक मागवला होता. त्यापासून रबर करायचा त्यांचा बेत होता. रबर काही जमलं नाही, पण चघळायला तो चीक मस्त निघाला. १८७१ साली त्यांनी च्युइंगगम बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर त्यांच्या कंपनीची गम विकणारी यंत्रं लागली.

आता एक गंमत सांगतो. ते झाड कोणतं, ठाऊक आहे? आपला चिकू! मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा हा पाहुणा आपल्या डहाणू-घोलवडला असा रुजला, की आपल्याला तो इथलाच वाटतो. कच्चा चिकू कापून बघा, बोटांना पांढरा चिकट चीक लागेल. झाडाच्या सालीला चिरा पाडून काढलेला तोच चीक उकळून घट्ट करत आणि त्याचा गम बनवत. आजचा बहुतेक गम मात्र कारखान्यात रसायनांपासून केलेल्या चिवट पदार्थाचा असतो. चिकूच्या झाडाची त्यातून सुटका झाली म्हणायची.

गंजकं यंत्र घरी येतं

माझी धाकटी बहीण ओहायो राज्यात राहते. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, सहा महिन्यांसाठी तिकडे गेले होते. अण्णा तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अशा माणसाला सहा महिने नुसतं खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच की! शेजारपाजारचे लोक अडगळीतलं सामान अंगणात मांडून विकतात, तशा एका विक्रीत त्यांना हे यंत्र दिसलं. साधारण सत्तर वर्षांचं. काच शाबूत, पण आतून धुरकट. तांबडा रंग पोपडे धरलेला. किल्ली हरवलेली. कान पिळला तर हलायचं नाव नाही.

माझे भाचेबुवा बारा वर्षांचे. ते म्हणाले, "आजोबा, हे तर मेलंय."

अण्णा म्हणाले, "अरे, यंत्र मरत नाही. अडकतं. कुठे अडकलंय ते शोधायचं."

आणि दोघं कामाला लागले.

पहिला नियम अण्णांनी असा घातला, की मिळालं हाती म्हणून लगेच काही खोलायचं नाही. आधी चारी बाजूंनी फोटो. मग खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो. निघालेला प्रत्येक स्क्रू, वॉशर, पट्टी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये निघाल्या क्रमाने ठेवायची आणि प्रत्येक खळग्यावर आकडा लिहायचा. जोडताना उलट्या क्रमाने जायचं. वर्कशॉपमध्ये ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून हेच करत.

अशा यंत्रात बहुधा वरच्या झाकणापासून तळापर्यंत काचेच्या गोलातून एक लांब दांडा गेलेला असतो. झाकण, काच आणि बैठक अशी सगळी मंडळी त्या एका दांड्याने आवळून धरलेली असतात. झाकणावर कुलूप. कुलूप फोडायचा भाचेबुवांना फार मोह झाला, पण अण्णांनी कुलूपवाला गाठून किल्ली करून घेतली. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं पातळ तेल टाकून ते रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लाकडाच्या तुकड्याने हलकेच टकटक केली आणि पान्हा लावला. नट लोण्यासारखा सुटला. जोर लावला असता तर आटे गेले असते आणि काचही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

आत काय निघालं ते नीट वाचा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

यंत्राचे दोन भाग. एक नाणं तपासणारा, दुसरा गोळी देणारा.

कान पिळल्यावर आत एक गोल चकती फिरते. तिला नाण्याच्या मापाची एक खाच असते. नाणं टाकलं की ते त्या खाचेत बसतं आणि चकतीबरोबर फिरू लागतं. वाटेत एक खटका असतो. मागून स्प्रिंग त्याला सारखी चकतीवर दाबत असते. खाच रिकामी असेल तर खटका टपकन खाचेत पडतो आणि चकती अडते. कान हलत नाही. पण खाचेत नाणं असेल तर ती भरलेली असते. खटक्याला पडायला जागाच नाही! तो नाण्याच्या कडेवरून घसरत जातो आणि चकती पुढे फिरते.

म्हणजे बघा, यंत्राला नाणं 'कळत' नाही. नाणं स्वतःच खटक्याच्या आड उभं राहतं. पुढे चकती फिरता फिरता नाणं खालच्या गल्ल्यात पडतं.

नाणं छोटं असेल तर? तर खाचेत फट उरते आणि खटका तिथे पडतो. मोठं असेल तर ते खाचेत शिरतच नाही. अमेरिकेचं एक सेंटचं नाणं १९.०५ मिलिमीटर व्यासाचं आहे. दहा सेंटचं नाणं किमतीने दसपट, पण आकाराने लहान, १७.९१ मिलिमीटर. म्हणून एका सेंटच्या यंत्रात कुणी उदारपणे दहा सेंट टाकले तरी ते अडवून धरतं. त्याला किंमत वाचता येत नाही, फक्त माप घेता येतं.

यातलाच आणखी एक किस्सा. १९८२ साली अमेरिकेने सेंटचं नाणं बदललं. आधी ते जवळजवळ सगळं तांब्याचं, ३.११ ग्रॅमचं होतं. मग जस्ताचं करून वर तांब्याचा पातळ मुलामा दिला, वजन झालं २.५ ग्रॅम. हेरॉनच्या तरफेला कदाचित फरक पडला असता. पण आपलं हे यंत्र वजन घेतच नाही, माप घेतं. माप तेच राहिलं, म्हणून जुनी यंत्रं बिनतक्रार चालू राहिली.

कान पिळताना 'कटकट कटकट' आवाज येतो ना, तो दुसऱ्या खटक्याचा. एका दातेरी चाकावर तो पुढे घसरतो, पण मागे फिरू देत नाही. तो नसता तर अर्धा कान पिळून, उलटा फिरवून, पुन्हा पिळून लबाडी करता आली असती. सायकलचं पायडल मोकळं सोडल्यावर मागच्या चाकातून जो आवाज येतो, तोही याच जातीचा.

राहिली गोळी. काचेच्या तळाशी एक आडवं चाक असतं. त्याच्या कडेला घरं पाडलेली असतात, एकेका घरात एकच गोळी मावेल एवढी. कान एक फेरा फिरला की हे चाक नेमकं एका घरापुरतं सरकतं. खाली एका जागी भोक. घर त्या भोकावर आलं की गोळी खाली. आणि वरच्या शंभर गोळ्या त्याच भोकातून का पडत नाहीत? कारण नेमक्या त्या जागी वर एक आडोसा असतो. एक गोळी आडोशाखाली शिरते, बाकीच्या बाहेरच थांबतात.

रंगाने गाडी अडवली

सुटे भाग साफ करणं हे भाचेबुवांचं आवडतं काम. लोखंडी, पोलादी भाग व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवले. गंज सुटला. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच फडक्याने कोरडे केले, नाहीतर ओलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. नाणं तपासणारा भाग मात्र जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव होता. जस्ताला व्हिनेगर खातं, म्हणून तो नुसता साबणाच्या कोमट पाण्यात, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला. चमकत्या क्रोमच्या पट्टीवरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासले. क्रोमला ओरखडा नाही आणि ठिपके गायब.

आता राहिला पोपडे धरलेला तांबडा रंग. अण्णांनी पॉलिशपेपर काढला आणि बाह्या सरसावल्या. एवढ्यात माझी बहीण गॅरेजमध्ये आली.

"अण्णा, जरा थांबता का? हा रंग किती जुना आहे?"

"असेल सत्तर वर्षांचा. का गं?"

"मग त्यात शिसं असू शकतं."

अण्णांना ते पटलं नाही. "आम्ही जन्मभर बसचे रंग खरवडले. काय झालं आम्हाला?"

बहीण वाद घालत बसली नाही. शिसं तपासायचा छोटा संच दुकानात मिळतो, तो तिने आणला. रंगावर घासायचं, शिसं असेल तर तुकड्याचा रंग बदलतो. बदलला.

दोस्तांनो, इथे आई-बाबांनाही हाक मारा, हे त्यांनीही वाचायला हवं. पूर्वी रंग टिकाऊ आणि तेजदार व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. तो कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती हाताला, कपड्यांना, जमिनीला लागते आणि पोटात जाते. शिसं मेंदूची आणि मज्जासंस्थेची वाढ बिघडवतं. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात ते चार ते पाच पट जास्त शोषलं जातं. आणि शिशाचं अमुक इतकं प्रमाण चालेल, अशी सुरक्षित रेषाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या खिडकीच्या गजांत, दारांत, जुन्या पत्र्याच्या खेळण्यांत ते असू शकतं.

त्या घरात अडीच वर्षांची एक धाकटी आहे. जे दिसेल ते तोंडात घालायचं, हा तिचा सध्याचा उद्योग. गॅरेजमध्ये ती रोज आजोबांच्या मागे लुडबुडत असे.

बहीण फोनवर म्हणाली, "अण्णा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग उठले आणि पॉलिशपेपर डब्यात ठेवून दिला."

त्या दिवशी पुढचं काम त्यांनी स्वतःच ठरवलं. पडलेले पोपडे झाडूने झाडले नाहीत, कारण झाडलं की धूळ उडते. ओल्या कागदाने टिपून घेतले, कागद पिशवीत बंद केले. जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसली. हात धुतले, कपडे वेगळे धुवायला टाकले. यंत्राची बैठक आणि झाकण जाड पिशवीत गुंडाळून वर ठेवलं. डॉक्टरांना विचारून धाकटीच्या रक्तातलं शिसंही तपासून घेतलं. काळजीचं काही निघालं नाही, तेव्हा कुठे घराने श्वास सोडला.

रंगाचे दोन्ही भाग शिशाच्या रंगाचं काम जाणणाऱ्या एका कारागिराकडे दिले. त्याने जुना रंग काढून नवा, बिनशिशाचा तांबडा चढवून दिला.

भाचेबुवा जरा हिरमुसले. "आजोबा, मग हे आपण दुरुस्त केलं, असं म्हणायचं का?"

"रंग त्याचा, यंत्र आपलं," अण्णा म्हणाले. "वर्कशॉपमध्ये मी काय टायर पण बनवत होतो का?"

फुकट गोळ्या!

सगळं जोडलं. काच कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली, कारण ओल राहिली तर गोळ्या एकमेकींना चिकटतात. काचेखालची कडक झालेली रबरी कडी नवी घातली. फिरणाऱ्या भागांना खाण्याच्या पदार्थांजवळ चालणारं तेल, तेही थेंबभरच. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

गोळ्या भरल्या, नाणं टाकलं, कान पिळला. गोळी आली! टाळ्या! मग भाचेबुवांनी नाणं न टाकता कान पिळून पाहिला. पुन्हा गोळी आली. पुन्हा पिळला. पुन्हा गोळी! मित्रमंडळी खूश, अण्णा नाखूश.

आता सांगा पाहू, बिघाड कुठे असेल? वर उत्तर दिलेलंच आहे. रिकाम्या खाचेत खटका पडायला हवा होता. तो पडत नव्हता, म्हणजे त्याला दाबणारी स्प्रिंग गेली. उघडून पाहिलं तर खरंच, गंजाने झिजून ती मधोमध तुटली होती.

त्या मापाची स्प्रिंग कुठे मिळेना. तेव्हा अण्णांचं लक्ष भाचेबुवांच्या गिटारकडे गेलं. गिटारची तुटलेली बारीक तार! ती पोलादी असते, वाकवली तरी पुन्हा सरळ होऊ पाहते. नेमका हाच गुण स्प्रिंगला लागतो. पकडीत धरून एका बारीक खिळ्याभोवती ती घट्ट गुंडाळली. पण सोडली तशी ती फुलली आणि मापापेक्षा मोठी झाली. अण्णा हसले. "ती उघडणारच. पाहिजे त्या मापापेक्षा बारीक खिळ्यावर गुंडाळायची." दुसऱ्या प्रयत्नात खिळा बदलला. तिसऱ्यात वेढे मोजून घेतले. चौथी स्प्रिंग चपखल बसली. (हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. तार सुटली तर चाबकासारखी उडते.)

आता नाण्याशिवाय कान पिळला की 'खट्!' आणि बंद. अण्णांना तो 'खट्' गोळीपेक्षा गोड वाटला म्हणे.

नाणंच संपलं तर?

यंत्र तर चालू झालं, पण नवाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेने एका सेंटचं नाणं पाडणंच बंद केलं! १७९३ सालापासून पाडलं जाणारं हे नाणं. पण २०२४ या आर्थिक वर्षात एक सेंट बनवायला ३.६९ सेंट खर्च येत होता. चलनासाठीचे शेवटचे सेंट १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडले गेले. आपल्याकडेही २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, ते आई-बाबांना आठवत असेल. फरक एवढा, की तिकडे जुने सेंट अजून चालतात.

भाचेबुवांचं म्हणणं, नाणं तपासणारा भाग बदलून पंचवीस सेंटचा बसवू. तसे भाग मिळतात. अण्णांचं म्हणणं, मूळचं आहे ते राहू दे. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तोडगा भाचेबुवांनीच काढला. घरातल्या डब्यांतून, कोटांच्या खिशांतून, गाडीच्या खणातून जुने सेंट गोळा केले आणि एका बरणीत भरून यंत्राशेजारी ठेवले. ज्याला गोळी हवी त्याने बरणीतला सेंट घ्यायचा, टाकायचा. गल्ला भरला की सेंट पुन्हा बरणीत. तेच सेंट गोल गोल फिरत राहतात.

धाकटीला मात्र गोळी मिळत नाही. एवढ्या लहान मुलांच्या घशात अशी गोल गोळी अडकू शकते. तिला नाणं टाकायची परवानगीही नाही, कारण तेही तोंडात जाईल. आजोबांच्या कडेवर बसून तिने कान पिळायचा, एवढाच तिचा मान. अण्णा आता परत आले आहेत, तर ती फोनवर त्यांना 'खट्' ऐकवते.

तुमच्यासाठी खटपट

गोळ्यांचं यंत्र आपल्याकडे सहज मिळणार नाही. पण किल्लीचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ काही घरांत असतं. मोठ्यांना विचारून ते खोला. अंड्यांचा ट्रे, आकडे, फोटो विसरू नका. त्यात दातेरी चाक आणि मागे न फिरू देणारा खटका शोधा आणि त्याचं चित्र काढा. आणि जुना रंग असलेली कोणतीही वस्तू कोरडी घासायची नाही, हे आजपासून पक्कं.

आता या आठवड्याचा प्रश्न. घरातली एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची सगळी नाणी गोळा करा. प्रत्येकाचा व्यास पट्टीने मोजा आणि किंमत, पाडल्याचं साल, व्यास असा तक्ता करा. तक्ता पाहून सांगा: आज वाचलेलं हे यंत्र एक रुपयाच्या नाण्यासाठी बनवून तुमच्या शाळेत लावायचं ठरलं, तर कोणती अडचण येईल? आणि ती तुम्ही कशी सोडवाल?

उत्तरं पोस्टकार्डावर, तक्त्यासकट पाठवा. सांगलीच्या मित्रा, तुझ्या दादाला सांग, त्याचं बरोबर होतं. वीज लागत नाही.

तुमचा,
खटपटे काका